अ‍ॅम्प स्टीलला विचारून घे, गिटारला नको

या वेळचं पत्र गिरगावातून आलंय, पेडल स्टीलबद्दल. म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची गिटार, जिची पेडल पायाने आणि नी लिव्हर गुडघ्याने ढकलली की ठराविक तारांचे सूर बदलतात. आवाज पायाने कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल त्याहून वेगळं. थोडं छाटून देतो:

"काका, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. मागच्या वर्षी टेक्सासच्या मामेभावाने त्याच्याकडची दहा तारांची पेडल स्टील आणून दिली, इ नाईन ट्यूनिंग, तीन पेडल आणि चार नी लिव्हर. हवाईयन गिटारचे जुने पीस आता मी त्याच्यावर वाजवतो. प्रॉब्लेम असा की माझ्या 15 वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) गिटार झकास वाजते पण स्टील दबलेली येते, ब्लँकेट टाकल्यासारखी, आणि आवाज वाढवला की फाटते. व्हॉल्यूम पेडल आमच्या कीबोर्डवाल्याचं पडून होतं तेच वापरतो. बजेट साठ हजार. दोन्हीला मिळून एकच अ‍ॅम्प पाहिजे. एक मित्र म्हणतो फेंडरचा ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्प घे ईएमआयवर, दुसरा म्हणतो 15 इंची स्पीकरशिवाय स्टील वाजवणं पाप आहे, तिसरा म्हणतो कीबोर्ड अ‍ॅम्प घे आणि गप्प बस. कोणाचं ऐकू?"

अरे बाबा, सगळ्यात आधी ते पेडल कीबोर्डवाल्याला परत दे. तुझे दोन प्रॉब्लेम आहेत आणि तू त्यांना एकच समजतोयस. दबलेला आवाज हा अ‍ॅम्पचा दोष नाहीच, निदान सगळा तरी नाही. कीबोर्डसाठी जी व्हॉल्यूम पेडल येतात त्यात साधारण 25 के (किलोओम) ते 50 केचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा रेझिस्टन्स, असतो, कीबोर्डचं आउटपुट दणकट असतं त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही. पण स्टीलचा पिकअप म्हणजे केसासारख्या तारेचे हजारो वेढे, मीटर लावलास तर 15 ते 20 के दाखवेल, स्ट्रॅटचा पिकअप सहा-सात के दाखवतो. एवढ्या नाजूक सिग्नलपुढे 25 केचा पॉट आला की वरचा सगळा भाग तिथेच गळतो आणि तू मग अ‍ॅम्पवर ट्रेबल दहावर नेऊन बसतोस. पॉट 500 केचा पाहिजे. बॉसची जी पेडल येतात त्यात एफव्ही-500एच म्हणजे गिटार-स्टीलवाल्यांचं आणि एफव्ही-500एल म्हणजे कीबोर्डवाल्यांचं, दिसायला सख्खी भावंडं, एका अक्षराचा फरक, आणि दुकानदार सुद्धा गडबड करतात. खात्री करायची असेल तर आज संध्याकाळीच पेडल काढून स्टीलची केबल सरळ अ‍ॅम्पमध्ये लाव. ब्लँकेट निघालेलं दिसेल.

आता फाटण्याबद्दल, कारण खरा खर्च तिथे आहे. गिटारवाला तार छेडतो तेव्हा आवाज एकदम टोकाला जातो आणि मग उतरत जातो, तुझा हात बारा वर्षं हेच करतोय. स्टीलवर पाय उलटा हिशोब करतो. व्हॉल्यूम पेडल अर्ध्यावर असताना तार छेडायची, आणि तार जशी विझत जाईल तसा पाय हळूहळू दाबत जायचा, म्हणून तर तो सूर संपतच नाही असं वाटतं, सारंगीवर गज फिरत राहतो तसा. म्हणजे अर्ध्या पेडलवर तू बँडच्या बरोबरीने ऐकू आला पाहिजेस आणि उरलेलं अर्धं हातात शिल्लक पाहिजे. या शिल्लकीलाच हेडरूम म्हणतात. तुझा 15 वॅटचा अ‍ॅम्प म्हणजे एक तारखेला पगार झाला की एक तारखेलाच उडवणारा माणूस, गिटारवर त्याची हीच सवय तुला आवडते, कारण थोडा फाटलेला आवाज गिटारला शोभतो. स्टीलने दहा तारखेला काही मागितलं की खिसा रिकामा.

आणि स्टीलवर तो फाटका आवाज नुसता खरखरीत नाही लागत, बेसूर लागतो. हे घरी करून बघ. चौथी आणि पाचवी तार एकत्र छेड, इ आणि बी, साधारण 330 आणि 247 हर्ट्झ. अ‍ॅम्प फाटत असेल तर या दोघांच्या वजाबाकीचा तिसराच एक सूर खाली घुमतो, 83 हर्ट्झच्या आसपास. आता स्टीलचं ए नावाचं पेडल दाब, बी वर सरकत सी शार्प होतो, म्हणजे 277. वजाबाकी झाली 53. म्हणजे तुझा सूर वर चाललाय आणि ते भूत त्याच वेळी खाली चाललंय. प्रेक्षकाला हे काही कळत नाही, त्याला फक्त वाटतं की या माणसाचं ट्यूनिंग गेलंय. गिटारवर आपण पॉवर कॉर्ड मारतो तेव्हा दोन्ही सूर एकत्र सरकतात म्हणून चालून जातं, स्टीलची सगळी मजाच एक तार थांबवून दुसरी सरकवण्यात आहे.

मी स्वतः हे शिकलो ते दादरच्या एका हॉलमध्ये. तेव्हा माझ्याकडे पेडल स्टील नव्हती, मांडीवरची आठ तारांची हवाईयन होती आणि उधारीवर आणलेला 20 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प. साउंड चेकला सुंदर. मग मागे दोन ढोलक, काँगो, ऑक्टोपॅड आणि चार व्हायोलिन बसले आणि माझ्या सोलोला मी पाय दाबला तर आवाज वाढलाच नाही, फक्त घाणेरडा झाला. गायिकेने वळून बघितलं. तो लुक अजून आठवतो मला.

म्हणून सूत्र एकच, अ‍ॅम्प स्टीलसाठी निवडायचा. स्वच्छ आणि ताकदवान अ‍ॅम्पमध्ये गिटार सहज राहते, पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल टाकलंस की तुला हवा तेवढा फाटका आवाज मिळतो. लवकर फाटणाऱ्या अ‍ॅम्पला स्वच्छ करणारं पेडल मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही.

किती वॅट, हा पुढचा प्रश्न. इथे लोक फसतात कारण 30 वॅट म्हणजे 15च्या दुप्पट आवाज असं वाटतं. तसं नसतं रे. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणजे नीट ऐकलंस तर "हां, वाढला वाटतं थोडा" एवढंच. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून 15 वरून 30 ला जाण्यात पैसे घालवू नकोस, सरळ 80-100 च्या घरात जा, सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचा) किंवा डिजिटल, कारण तिथे वॅट स्वस्त आणि हलके आहेत. आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला तो किती आवाज देतो ते बघ, 97 डेसिबलच्या जागी 100 डेसिबलचा स्पीकर असला की तोच अ‍ॅम्प दुप्पट वॅटचा असल्यासारखा वाजतो, फुकटात.

पंधरा इंची पापवाल्या मित्राला एक विचार, तुझ्या इ नाईनवरची सगळ्यात खालची तार किती हर्ट्झची? बी आहे ती, 123 हर्ट्झ. तुझ्या गिटारची खालची इ 82 हर्ट्झची आहे. म्हणजे स्टील गिटारपेक्षा खाली जातच नाही, वर असते. ज्यांच्याकडे दोन मानांची स्टील असते आणि दुसऱ्या मानेवर सी सिक्स ट्यूनिंग, त्यांची खालची तार 65 हर्ट्झपर्यंत जाते, त्यांना 15 इंचीचा खरा उपयोग. बाकीचे लोक 15 इंची घेतात ते वरच्या सुरांसाठी, मोठ्या स्पीकरवर तिसरी तार जरा गोल लागते, टोचत नाही. ती टोच 12 इंचीवर मिड (मधले सूर) आणि ट्रेबल नीट लावून बऱ्यापैकी काढता येते. पीव्हीचा नॅशव्हिल 400 हा 15 इंची आणि 210 वॅटचा, स्टीलवाल्यांचा लाडका खराच, पण त्याच कंपनीने पुढे 12 इंची, 80 वॅटचा नॅशव्हिल 112 काढला आणि तोही लोकांनी डोक्यावर घेतला. त्यामुळे पाप-बिप काही नाही. तुला 12 इंची पुरे.

ट्विन रिव्हर्ब. कसं सांगू, मला तो अ‍ॅम्प प्रचंड आवडतो, 85 वॅट, दोन 12 इंची स्पीकर, रिव्हर्ब असा की डोळे मिटावेत, आणि त्याच्या टोन सर्किटमध्ये मिड मुळातच खाली असतो, स्टीलला नेमकं तेच पाहिजे असतं. पण वजन 29 किलो. तुझा तिसरा मजला, लाकडी जिना, आणि कार्यक्रम संपून रात्री दीडला तू घरी येणार, एका हातात अ‍ॅम्प आणि स्टीलची केस अजून खाली टॅक्सीत. आणि टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते हे विसरू नकोस, म्हणजे ट्विन मागच्या सीटवर आणि तू पुढे ड्रायव्हरशेजारी स्टील मांडीवर घेऊन. लोकलचा लगेज डबा म्हणशील तर एकदा प्रयोग करून बघ, मग बोलू. फेंडरने 2019 मध्ये याचंच टोन मास्टर नावाचं डिजिटल भावंड काढलं, आत 200 वॅटचा डिजिटल पॉवर अ‍ॅम्प, आवाज 85 वॅटच्या ट्विनसारखा आणि वजन जवळपास निम्मं, मागे पॉवर कमी करायचा स्विच सुद्धा आहे. अप्रतिम. पण तुझ्या साठ हजारांत बसत नाही, आणि ऑर्केस्ट्राच्या पाकिटावर ईएमआय घेऊ नकोस, पावसाळ्यात कार्यक्रम किती असतात ते तुला माहितीये.

कीबोर्ड अ‍ॅम्पवाला मित्र तिघांत बराच शहाणा आहे, अर्धा बरोबर आहे तो. हेडरूम भरपूर असते, स्टील फाटणार नाही. पण त्यात ट्वीटर, म्हणजे तीव्र सुरांचा छोटा स्पीकर, असतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर आपोआप मान टाकतो आणि ते आपल्या फायद्याचं असतं, ट्वीटर मात्र सगळं दाखवतो, बारचं घासणं, बोटातल्या धातूच्या पिक्सची टकटक, सगळं. आणि त्यात गिटार ओव्हरड्राइव्ह लावून वाजवलीस तर डब्यात माशी अडकल्यासारखी वाजेल. एकच अ‍ॅम्प दोन्हीला पाहिजे असेल तर हा नको.

मग घ्यायचा कुठला? तुझी जागा, तुझा जिना, तुझं बजेट बघून माझं मत बॉस कटाना 100 कडे झुकतं, एका 12 इंची स्पीकरचा. ग्लॅमर काही नाही त्यात, मान्य, गिटारवाली पोरं नाकं मुरडतील. पण 100 वॅट, वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि पॉवरचा स्विच आहे ज्यावर 100, 50 आणि अर्धा वॅट असं करता येतं, तो अर्धा वॅट चाळीत राहणाऱ्या माणसासाठी देवाने पाठवलाय. स्टील क्लीन चॅनेलवर लाव आणि नाही पटलं तर अ‍ॅकूस्टिकवर लावून बघ, तो जास्त सपाट आणि मोकळा असतो, काही स्टीलला तोच जास्त शोभतो. गेन एकदम खाली, व्हॉल्यूम वर. ट्रेबल मध्याच्या जरा खाली, मिड चांगलाच खाली, स्टीलचा तो नाकातला आवाज 800 हर्ट्झच्या आसपास बसलेला असतो आणि तो काढला की स्टील एकदम श्वास घेते. रिव्हर्ब हात सैल सोडून. गिटारचं सेटिंग वेगळं सेव्ह करून ठेव, त्यात मिड परत वर आण, नाहीतर गिटार बँडमध्ये हरवेल. इनपुट एकच आहे, तर एक साधा ए-बी स्विच घे, दोन्ही वाद्यांच्या केबल त्यात कायमच्या लावलेल्या आणि पायाने बदलायचं. गाण्याच्या मध्ये केबल काढताना तो जो फटाका वाजतो ना, त्यासाठी साउंडवाल्याच्या शिव्या मी खाल्ल्यात.

दुसरा पर्याय रोलंडचा जाझ कोरस. जेसी-120 हा 1975 पासून चालत आलाय, 120 वॅट, दोन 12 इंची, स्वच्छतेच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरत नाही, आणि दोन चॅनेल वेगळे असल्यामुळे गिटार एकात आणि स्टील दुसऱ्यात, स्विचची भानगडच नाही. रिव्हर्ब मात्र फक्त दुसऱ्या चॅनेलला, म्हणून स्टील तिथे. ब्राइट स्विच बंद ठेव, काचेसारखा कापतो. पण वजनाने तो ट्विनच्या पंक्तीला बसणारा. स्टुडिओवाल्यांकडून सेकंडहँड मिळाला आणि तुझा ऑर्केस्ट्रा टेम्पो करत असेल, आणि अ‍ॅम्प टेम्पोवाल्याच्या गोडाऊनलाच राहणार असेल, तर डोळे झाकून घे. घरी न्यायचा असेल तर नको. धाकटा जेसी-40 हलका आहे, दोन 10 इंची, 40 वॅट, छोट्या हॉलला पुरेल, ढोलकवाले दोन असतील तर पुरणार नाही.

मामेभाऊ परत येताना नॅशव्हिल 112 आणतो म्हणाला तर नाही म्हणू नकोस. फक्त तिकडचा अ‍ॅम्प 120 व्होल्टचा असतो, इथे 230. प्लग बदलून लावलास तर एकदाच वाजेल, म्हणजे फटकन. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळेल, अ‍ॅम्पच्या मागच्या पाटीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा घे, आणि पाटीवर नुसतं 60 हर्ट्झ लिहिलंय की 50/60 ते वाच. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही बदलत, आणि फक्त 60 साठी बनवलेला अ‍ॅम्प आपल्या 50 वर जास्त तापतो.

करंटचा विषय निघालाच आहे तर, चाळीतल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. स्टीलचा पिकअप बहुतेक वेळा लांबलचक सिंगल कॉइल असतो, म्हणजे हवेतली सगळी भुणभुण गोळा करणारा अँटेना. हम कमी होतो म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी बघितलेत, तू तसं करू नकोस, तुझ्या हातात धातूचा बार आणि पायाखाली धातूची पेडल असतात. नाट्यगृहात अ‍ॅम्पचा सप्लाय साउंडवाल्याच्या बोर्डवरून घे, लाइटवाल्याच्या नको, त्याच्या डिमरची किरकिर स्टीलमध्ये हमखास येते. तरी आली तर स्टील पाव वळवून बस, एका कोनात ती कमी होते, थोडं सूर्यफुलासारखं वाटतं पण चालतं.

स्टेजवर अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नकोस. गिटार तू उभं राहून वाजवतोस, स्टील बसून, आणि जमिनीवरचा अ‍ॅम्प तुझ्या पोटऱ्यांना स्टील ऐकवतो. हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची घे, त्यावर अ‍ॅम्प, जरा मागे कललेला, तुझ्या मागे उजवीकडे. साउंडवाल्याला माईक समोर लावायला सांग. रात्री रियाझाला हेडफोन. घरांच्या भागात रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि चाळीत तर शेजारच्या आजींचा कायदा त्याहून कडक.

आता दुकानात काय करायचं ते. काळबादेवी-धोबीतलाव तुझ्या घरापासून चालत आहे, नशीबवान आहेस, तेव्हा स्टील सोबत ने, हातगाडीवर टाकून ने पाहिजे तर, पण नेच. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळ, तेव्हा पोरं शेजारी डिस्टॉर्शन लावून बसलेली असतात आणि तुला काही ऐकू येणार नाही. नवीन 500 केचं पेडल मध्ये लावलेलं असू दे. पेडल अर्ध्यावर ठेव आणि अ‍ॅम्प एवढा वाढव की दुकानदाराला तुझ्याशी मोठ्याने बोलावं लागेल, म्हणजे साधारण बँडची पातळी आली. मग तिसरी, चौथी, पाचवी तार एकत्र छेड आणि पाय पूर्ण दाब. आवाज मोठा झाला पाहिजे, मळका नाही. मग बार पंधराव्या फ्रेटच्या वर ने आणि एकटी तिसरी तार वाजव, ती 0.011 इंची बारीक तार तिथे कानात सुईसारखी गेली तर आधी ट्रेबल आणि मिड फिरवून बघ, तरी सुई राहिली तर तो अ‍ॅम्प परत ठेव. शेवटी सगळं तसंच ठेवून फक्त गिटार लाव आणि तुझा नेहमीचा ओव्हरड्राइव्ह दाब. इथे शंभर टक्के खूश नाही झालास तरी चालेल, ऐंशी टक्के झालास की बिल कर. तो जुना 15 वॅटचा मात्र विकू नकोस, छोट्या बैठकीला, नुसती गिटार असेल तेव्हा, तुला तोच लागणार आहे.